देवमनची डावी बाजू

काशीरावांचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या फळबाजारात एका व्यापाऱ्याशी भांडत उभा होतो. कॅरेटच्या वरच्या थरात टपोरं संत्रं आणि खाली बारीक, हा आमच्या बाजारातला जुना झगडा. फोन घ्यायची इच्छा नव्हती, पण काशीराव चांदूर बाजारकडचे मोठे बागवाले, त्यांचा फोन टाळता येत नाही. "शेषराव, देवमनराव गेले म्हनते, खरं हाय का?" मी उखडलोच. "कोन म्हनते? काहीबाही काय बोलून राहिले?" पलीकडे ते चाचरले. "त्याईच्या घरी फोन केला मी, कोन्या पाहुन्यानं उचलला. सकाळी चहा घेता घेता मान टाकली म्हने... अन् परवाच त माह्या बागेत येऊन गेले ना, बाप्पा! सारी बाग फिरले. आपल्या पायानं. कोनाचा हात नाई धरला का काही नाई. तुमाले मालूमच असन."

मला काहीच मालूम नव्हतं. देवमनच्या घरून मला फोन लागत नव्हता, कारण माझा फोन काशीरावांनीच अडवून ठेवला होता, हे नंतर कळलं. पहिली बातमी ऐकून माणूस जसा सुन्न होतो तसा मी झालो. पण बडनेऱ्याला देवमनच्या घराकडे गाडी पळवताना डोक्यात घुमत होती ती दुसरीच. कित्येक महिने मी ज्या माणसाला गाडीत घालून अकोल्याला नेलं, त्याच्या पायात जोर यावा म्हणून डॉक्टरांशी, मशीनशी आणि त्याच्याशीही भांडलो, तो पहिल्यांदा आपल्या पायांनी बागेत फिरला आणि त्या दिवशी त्याने मला बोलावलं नाही. तेरवी होऊन आता बरेच दिवस झाले. तो राग गेलेला नाही. पण त्याचं रूप बदललं आहे, आणि ते कसं बदललं तेवढंच मला सांगायचं आहे.

संत्र्याच्या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बाग विकली जाते. व्यापारी बागेत फिरतो, झाडं पाहतो, किती माल निघेल याचा मनाशी अंदाज बांधतो आणि तिथेच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून सौदा होतो. वजनकाटा नाही, काही नाही. अंदाज चुकला तर घर बसलं. देवमनचा अंदाज चुकत नसे. मान वर करून तो झाडांच्या ओळीतून चालायचा. खाली ढेकळं असत, ठिबकच्या नळ्या असत, आळ्यांचे उंचवटे असत, पण पायांकडे पाहणं त्याला माहीतच नव्हतं. फेरी संपली की माझ्या कानात आकडा सांगायचा आणि बाजूला जाऊन तंबाखू मळत बसायचा. पुढचं काम माझं. बोलणं, चिडणं, सौदा मोडला म्हणून गाडीपर्यंत जाणं आणि पुन्हा परत येणं... तो डोळा होता आणि मी जीभ. मी बाजाराबाहेर डागी फळांची टोपली घेऊन बसायचो तेव्हा त्याने मला सोबत घेतलं, हे खरं. त्यापुढचं सगळं मी माझ्या तोंडाच्या बळावर मिळवलं. पण लोक नाव घेत ते देवमनरावच्या डोळ्याचं. जिभेचं नाव कोणी घेतलं नाही. ते मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं.

संक्रांतीच्या सुमारास त्याला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं थोडं जड होऊन परत आलं, पण डावी बाजू लुळी पडली. पुढे पायात ताकद आली, तोल मात्र आला नाही. उभा केला की तो भिंत कलावी तसा डावीकडे कलायचा, आणि आपण कलतो आहोत हे त्याला कळायचंच नाही. घरातल्या घरात पडला. मग तो चालताना फक्त पायांकडे पाहू लागला. ज्याने जन्मभर पाय पाहिले नाहीत तो आता पायांवरून नजर हटवायला तयार नव्हता, आणि तरीही पडत होता. मी भेटायला गेलो की एकच बोलायचा. "शेष्या, आंबिया बाराच्या सौद्याले मी बागेत पाह्यजे. खाटेवर पडून बाग नाई घेता येत." आंबिया बहाराचं फळ पावसाळ्यानंतर रंग धरतं. तेवढा वेळ हातात होता. आणि बाजारात कुजबुज सुरू झालेली होती, की डोळा गेला, आता नुसती जीभ उरली.

अकोल्यातल्या एका केंद्राबद्दल मला ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं. तिथे तोलाचे व्यायाम करून घेतात आणि डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवून माणसाला दुसऱ्याच जागी नेऊन उभं करतात, असं तो म्हणाला. मला ते जादूच्या प्रयोगासारखं वाटलं, म्हणूनच पाहावंसं वाटलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट सबा मॅडम अकोल्याच्याच, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी सवयीने पहिल्याच भेटीत घासाघीस सुरू केली. "मॅडम, लवकरात लवकर कवा चालन हा? दसऱ्याच्या आधी चालला पाह्यजे. घ्या, बोला." त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, हा सौदा माझ्याशी नका करू. त्यांच्या पायाशी करा." देवमनला हे इतकं आवडलं की परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत तो मला तेच ऐकवत होता.

मला वाटलं होतं की चष्मा लावतील आणि काम होईल. तसं काही नव्हतं. आधी नुसतं खुर्चीतून उठणं आणि बसणं, हाताचा आधार न घेता. मग दोन्ही पाय जुळवून उभं राहणं, मग मऊ गादीवर उभं राहणं, मग वजन उजव्या पायावरून डाव्यावर नेणं. तो कंटाळायचा, शिव्या द्यायचा, घाम पुसायचा. मी कोपऱ्यात बसून विचारत राहायचो, की गादी कशाला, डोळे मिटायला कशाला लावता? सबा मॅडमनी एकदा नीट समजावलं. माणसाला आपला तोल तीन ठिकाणांहून कळतो. डोळे सांगतात, कानाच्या आतली एक बारीक रचना सांगते आणि तळपाय सांगतात. मेंदू तिघांचं ऐकून ठरवतो. झटक्यानंतर मेंदूचा तिघांवर सारखा भरवसा राहत नाही; तो फक्त डोळ्यांचं ऐकू लागतो. म्हणून देवमन पायांकडे पाहत होता. तळपाय ओरडून सांगत असतील, पण ऐकणारं कोणी नाही. मऊ गादी आणि चष्मा हे त्या मेंदूला इतरांचंही ऐकायला लावण्यासाठी. मी लगेच म्हणालो, "म्हनजे तीन दलाल अन् एकाचाच भाव धरला." त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. पण एक लक्षात ठेवा, चालायला शिकवतो तो व्यायाम. चष्म्यामुळे कंटाळा कमी होतो आणि माणूस जास्त वेळ करतो, एवढंच." त्या कधी वाढवून सांगत नसत. माल विकताना मी असं बोललो असतो तर उपाशी मेलो असतो. पण त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

चष्म्याचा पहिला दिवस मी विसरणार नाही. देवमनच्या कमरेला आणि छातीला पट्टे बांधून ते छताला अडकवलेले होते, म्हणजे गेला तोल तरी पडणार नाही. चष्म्यात त्याला जे दिसे ते आम्हाला समोरच्या पडद्यावर दिसायचं. हिरवं रान, मधून वाट, पुढे एक झुळझुळता ओढा. ओढ्यावरून पाय उचलून पलीकडे जायचं, की डावा पाय उंच उचलला जातो, असा बेत होता. देवमन ओढ्यापाशी थांबला. मॅडम म्हणाल्या, "चला काका, पाय उचला." तो हलेना. मग त्याने उजव्या हाताने पायजमा वर खोचला आणि खाली वाकू लागला. पट्टे ताणले गेले, सगळ्यांची धावपळ. "काय करून राहिला बे?" मी ओरडलो. "चपला काढून राहिलो ना! वल्ल्या करू का?" पायात चपला नव्हत्याच, तिथे अनवाणीच उभं करत. त्याला सरळ केलं, तेव्हा तो ओढ्यात उतरला. उतरलाच, ओलांडला नाही. पाण्यात चालताना माणूस पाय जसा गुडघ्यापासून वर घेऊन टाकतो तसा त्याने डावा पाय टाकला, आणि तो पाय इतका वर गेला की मॅडमनी टाळी वाजवली. चष्मा काढल्यावर देवमनने विचारलं, "पानी थंडं काहून नव्हतं?"

माझं कुतूहल तेव्हापासून वाढत गेलं. पाणी खोटं आहे हे त्याच्या डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. मग खरं माहीत असणारा कोण? मी घरी आल्यावर एका पायावर उभं राहून डोळे मिटून पाहायचो आणि कपाटाला धरायचो. बायको म्हणायची, आता तुम्हाला पण अकोल्याला न्यायचं का. पण झटका न आलेल्या माणसाचा तोलही किती उधारीवर चालतो हे कळून मी चकित होत होतो.

मग फळांचा खेळ आला. चष्म्यात दोन्ही बाजूंना झाडं, त्यांना फळं. पिकलेलं फळ दिसलं की त्या बाजूला झुकून, वजन त्या पायावर घेऊन, हात लांबवून तोडायचं, हिरवं सोडायचं. फळं आधी लाल होती. देवमनने हात खाली सोडला. "हे मायं काम नाई." मॅडमनी फळांचा रंग नारिंगी केला, तेव्हा गडी खुलला. उजवीकडची फळं तो भराभर तोडायचा. डावीकडची मात्र तशीच राहायची. मॅडमनी विचारलं, "काका, डावीकडे?" तो शांतपणे म्हणाला, "तिकडची कच्ची हायेत. कच्चं फळ तोडत नाई मी." आणि मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. पडद्यावर दोन्हीकडे थोडी हिरवी, थोडी पिकली फळं मला दिसत होती. पण मला वाटलं, देवमन ज्याला कच्चं म्हणतो ते कच्चं. आम्ही दोघांनी कितीतरी बागा अशाच घेतल्या होत्या. मॅडम म्हणाल्या की मशीनच्या हिशेबाने ते डावीकडे लक्षच देत नाहीत. मी आवाज चढवला. "तुमची मशीन कोनत्या बागेत फिरली, मॅडम? याचा डोळा साऱ्या बाजारात मशहूर हाय." पुढच्या खेपेला त्यांनी खेळ बदलून ठेवला होता. डावीकडच्या झाडांना सगळी पिकली फळं, उजवीकडे सगळी हिरवी.

पडद्यावर डावी बाजू नुसती पेटली होती. एवढा रंग मी खऱ्या बागेत क्वचित पाहिला असेल. देवमन पट्ट्यांत उभा, मान जराशी उजवीकडे. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बागवाल्यासमोर बोलतो त्याच धंद्याच्या आवाजात म्हणाला, "या बागेले अजून महिना हाय. सारी कच्ची हाय. चाल शेष्या, पुढची पाहू."

मी उठून पडद्याजवळ गेलो आणि डावीकडची फळं बोटाने मोजू लागलो.

परतताना गाडीत मी फुटलोच. "तुले दिसत नव्हतं त मले काहून नाई सांगितलं? इतके दिवस मी त्या बाईसंगं भांडून राहिलो तुह्यासाठी!" तो मागच्या सीटवरून बाहेर बघत होता. उजव्या बाजूने, अर्थात. मग म्हणाला, "दिसते ना मले." मला तेव्हा वाटलं, हा खोटं बोलतो आहे, आपला माल डागी आहे हे लपवणाऱ्या माणसासारखा. पण मॅडमनी नंतर सांगितलं ते वेगळंच होतं. त्याचे डोळे चांगले होते. डावी बाजू अंधारी झालेली नव्हती. डावी बाजू नावाची काही गोष्ट असते हेच त्याच्या मेंदूतून निसटलं होतं. "ते खोटं बोलत नाहीत, काका. अर्धी बाग गायब आहे असं त्यांना वाटतच नाही. त्यांच्यासाठी तेवढीच पूर्ण बाग आहे." हे ऐकून मी फार विचार केला. जे हरवलं त्याची आठवणच हरवली तर माणूस शोधेल कसं? आणि आपल्यापैकी कोण किती बागेला पूर्ण बाग समजून चाललं आहे, हे सांगणार कोण? मी हा विषय त्याच्या बायकोकडे, सिंधूवहिनींकडे काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते ताटातली उजवीकडचीच भाजी खाते. मी मधात ताट फिरवून देतो, त मंग बाकीचं खाते. मले वाटलं, डावा हात लुळा म्हनून खात नसन." त्यांनीही त्याचं कारण कोणाला विचारलं नव्हतं.

देवमनला पटायला वेळ लागला. मॅडमनी जमिनीवर डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ती दिसेपर्यंत मान वळवायची. चष्म्यात डाव्या बाजूने राघूचा आवाज काढायच्या. आवाज आला की तिकडे पाहून फळ तोडायचं. पहिल्यांदा मान पुरेशी वळली आणि भरलेलं झाड एकदम समोर आलं, तेव्हा तो दचकून मागे सरला. पट्ट्यांनी धरला म्हणून बरं. "अबे, हे कवा आलं?" मग स्वतःच हसला, आणि हसताना त्याचं तोंड थोडं वाकडं व्हायचं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. गाडीत म्हणाला, "शेष्या, मी गेलो असतो ना बागेत, त अर्ध्या बागेचा भाव सांगून आलो असतो." मी म्हणालो, "काशीरावनं तुले मिठाई देल्ली नसती." तो म्हणाला, "हासू नको. मले भेव वाटून राह्यलं." बागेची भीती वाटते असं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला होता.

पावसाळा गेला. पाय सुधारला, काठी आली, पट्टे सुटले. डावी बाजू पूर्ण परत आली नाही. दमला की ती पुन्हा निसटायची. मॅडम स्पष्ट सांगायच्या की एवढं तरी बरंच झालं, यापुढे सावकाश. दरम्यान काशीरावांची बाग रंगायला लागली. मी एकटा जाऊन ती पाहून आलो, माझ्या हिशेबाने आकडाही काढला. काशीराव ऐकेनात. "देवमनराव सवता फिरल्याबिगर सौदा नाई. तुमचं बोलनं आमी आयकलं, आता त्याईचा डोळा येऊ द्या." म्हणजे पुन्हा तेच! देवमनला सांगितलं तेव्हा मी रागानेच सांगितलं. तो म्हणाला, "पाहू." मी म्हणालो, "पाहू काय? मी गाडी आनतो, तुले धरून फिरवतो." तो पुन्हा म्हणाला, "पाहू..." आणि मग एके दिवशी मला न सांगता, रिक्षा करून, वहिनींना घेऊन तो गेला. संत्र्याच्या धंद्यात जन्म गेला पण वहिनींना त्याने कधी बागेत नेलं नव्हतं. एक दिवस मध्ये गेला, आणि पुढच्या सकाळी चहा घेताना दुसरा झटका.

मी अकोल्याला गेलो आणि सबा मॅडमना सरळ विचारलं, की त्या चालण्याने गेला का? त्या म्हणाल्या, "चालल्यामुळे नाही, काका. पुन्हा झटका येण्याची भीती पहिल्या दिवसापासून होती, गोळ्या त्यासाठीच होत्या. त्या असूनही कधी कधी येतो." मग त्यांनी विचारलं, "पूर्ण बाग फिरले? खरंच?" त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखू आलं. तो प्रश्न माझाही होता. किती फिरला, हे महत्त्वाचं नव्हतं. किती पाहिली?

कारण तेरवीच्या दिवशी पाहुणे जेवायला बसल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्याईनं आकडा सांगून ठेवला हाय. म्हने, शेष्याच्या कानातच सांगजो, दुसऱ्याले नाई." आणि त्यांनी सांगितला. मी ऐकून हादरलो. अर्धी बाग सुटली असती तर त्याचा आकडा माझ्यापेक्षा कमी यायला हवा होता. तो माझ्यापेक्षा बराच जास्त होता. एक तर झटक्याने त्याचा अंदाज पार बिघडला होता, नाहीतर... नाहीतर काय, हे मला सुचेना. माझे दोन्ही डोळे शाबूत, दोन्ही बाजू शाबूत. मी माल पाहिलेला होता. हा जास्तीचा माल त्याने आणला कुठून? आणि काशीरावांसमोर मी कोणता आकडा धरून बसायचं, त्याचा की माझा? त्याचा धरला आणि चुकला तर मी बुडतो. माझा धरला तर शेवटच्या फेरीत देवमनचा डोळा गेलेलाच होता, हे मीच बाजारात कबूल केल्यासारखं होतं.

दिवाळीच्या आधी मी वहिनींना घेऊन बागेत गेलो. मनात राग होताच, तो मी वाटेत बोलूनही दाखवला. "मले एक फोन करता आला नाई का त्याले? मी इतका परका झालो?" बागेत काशीरावांनी धुऱ्यावर खाट टाकून ठेवली होती. म्हणाले, तुम्ही पाहून या, मी इथेच आहे. मी आणि वहिनी पहिल्या ओळीत शिरलो. मी मान वर करून चाललो, डावीकडे, उजवीकडे, जसं नेहमी पाहतो तसं. माझा आकडा मला तिथे पुन्हा तसाच्या तसा दिसत होता. वहिनी मागून सांगत होत्या. "मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्याईच्या मागं मागं होतो. ओळ सरली का बसत. उठाले हात लावू देल्ला नाई, दवाखान्यात शिकवलं तसे उठले. एक डाव काठी ठिबकच्या नळीत अडकली त मी धावलो, त मलेच भडकले, मागं राह्य म्हने."

"माह्यावर बी भडकला असता," मी म्हणालो, "पन मी हात सोडला नसता."

"म्हनूनच नाई बोलावलं, भाऊजी." वहिनी थांबल्या. "तुमी सोबत असते त म्हनले असते, देवमन, तू उजवीकडची झाडं पाह्य, डावीकडची मी पाहतो. त्याईले ते नको होतं."

मी असं म्हणणारच होतो. गाडी काढायचं ठरवत होतो तेव्हा हेच माझ्या मनात होतं, आणि ते फार सोयीचं आणि मायेचं वाटत होतं मला. ओळ संपली होती. मी पुढच्या ओळीकडे वळलो, तर वहिनी तिथेच उभ्या. "तिकडे नाई," त्या म्हणाल्या. "ते याच ओळीतून वापस गेले."

"वापस? कायले?"

"जाताना जी डावीकडं राह्यली ती येताना उजवीकडं येते ना. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चालता चालता सुचलं म्हने त्याईले. हरेक ओळ अशीच पाह्यली... गेले अन् आले, गेले अन् आले. साऱ्या बागेत. उन्हं कलली तरी सोडलं नाई."

मी त्या ओळीच्या टोकाला उभा राहून हिशेब केला. काठी टेकत, डावा पाय ओढत, प्रत्येक टोकाला बसत आणि उठत तो दुप्पट बाग चालला होता. आणि मग मी मागे वळून पाहिलं. सूर्य आता माझ्या पाठीशी होता. आत्ताच मी जिथून आलो तीच झाडं, तीच ओळ. पण जाताना जी फांदी मला नुसत्या पानांची दिसली होती तिच्या मागे फळ लटकलेलं होतं. एक नाही, घोसच्या घोस. पानांच्या आडोशाला रंग धरलेलं, जाताना ज्याच्याकडे माझी पाठ होती ते सगळं. जन्मभर आम्ही दोघांनी बागा एकाच दिशेने पाहिल्या होत्या. त्याचा आकडा चुकत नसे म्हणतात, पण मला वाटतं, तोही त्या दिवशीच पहिल्यांदा पूर्ण बाग पाहत असावा. त्याने मान वर करून चकित होऊन पाहिलं असेल. वहिनींना मी विचारलंही, तो काही बोलला का? त्या म्हणाल्या, "काही नाई. नुसते हासत होते."

वहिनी माझ्या शेजारून चालू लागल्या. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी सवयीने सोडली होती. धुऱ्यावरून काशीरावांनी हाक दिली. "काय शेषराव, झाली का पाहून?"

"अर्धी झाली," मी ओरडून सांगितलं, आणि आम्ही त्याच ओळीतून परत निघालो.